क्रियाविशेषणांतलें मन

इटालियन भाषेंत 'सावकाश' या अर्थीं 'लेंतामेंते' असें क्रियाविशेषण आहे. त्याची फोड केली असतां लॅटिनमधले दोन स्वतंत्र शब्द हातीं लागतात. 'लेन्ता' म्हणजे संथ. 'मेन्ते' म्हणजे मनानें. मूळ शब्द 'मेन्स', संस्कृत 'मति'ची सख्खी बहीण. ती स्त्रीलिंगी, म्हणून जोडीस येणारें विशेषणहि स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्यें तर या जोडकामाची शिवण अद्याप दिसते: अशीं दोन क्रियाविशेषणें लागोपाठ आलीं कीं 'मेन्ते' एकट्या दुसऱ्यालाच लागतें, जणूं दोन वृत्तींना मन एकच पुरे!

म्हणजे आरंभीं 'कसें केलें' या प्रश्नाचें उत्तर 'कोणत्या मनानें केलें' हें होतें. पुढें वापरानें मन झिजलें आणि नुसता प्रत्यय उरला. आज हिमनदीहि 'लेंतामेंते' सरकते. यंत्रवत् घडणाऱ्या क्रियेस 'मेक्कानिकामेंते' म्हणतात, म्हणजे शब्दशः यंत्राच्या मनानें! व्याकरणाला याचें कांहींच वाटत नाहीं, आणि वाटूंहि नये.

नीतीला मात्र तसें सुटतां येणार नाहीं. गेल्या वर्षीं गरीब विद्यार्थ्यांच्या एका निधीसाठीं वर्गणीची यादी माझ्याकडे आली. वरच्या नांवांपुढील आंकडे पाहिले आणि योजलेली रक्कम मुकाट्यानें दुप्पट केली. पावतीबरोबरच्या पत्रांत 'सढळ हातानें' दिल्याबद्दल आभार होते. इटालियनांत तेथें 'जेनेरोसामेंते' आलें असतें, आणि मूळ अर्थ धरला तर तें धडधडीत खोटें ठरलें असतें. आपली मराठी सावध. तिनें हाताचीच साक्ष काढली, मनाला बोलावलें नाहीं.

पहिल्या शतकांतील रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें उपकारांवरील आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, उपकार वस्तूंत नसून देणाऱ्याच्या मनांत असतो. त्याच्या हिशेबानें मीं कांहींच दिलें नाहीं. हें मला पटतें, पण पुरतें नाहीं. त्या पैशांतून ज्या मुलांची फी भरली गेली, त्यांना माझ्या मनाशीं काय कर्तव्य? त्यांचें हातानेंच भागलें. खोटें शिरलें तें माझ्या बाजूस. पत्र वाचून मला जें बरें वाटलें, तें कांहीं हाताच्या स्तुतीनें नव्हे. मन उदार ठरलें असें मीं परस्पर धरून चाललों, म्हणून. यापुढें यादी आली कीं वरचीं नांवें न वाचतांच आंकडा घालावयाचा, असें ठरविलें आहे. तीं झांकण्यास एक कागद जवळ ठेवावा लागेल, इतकें मी स्वतःला ओळखतों.