ज्याच्यावाचून अडते तो स्वयंसेवक

फिलिपिन्समध्ये डिसेंबर हा राष्ट्रीय स्वयंसेवक महिना असतो आणि त्या महिन्यात तरुणांना उद्देशून भाषणांना ऊत येतो. भाषणाचा साचा ठरलेला आहे. राष्ट्रनायक होसे रिझालने अठराव्या वर्षी तरुणांना उद्देशून लिहिलेल्या कवितेचा दाखला, साऱ्या गावाने मिळून एखाद्याचे बांबूचे घर खांद्यावर वाहून नेण्याच्या जुन्या प्रथेचे चित्र, मग आजची पिढी मोबाइलमध्ये बुडाल्याची खंत आणि शेवटी आवाहन. यात गृहीत असे की, तरुणांमध्ये इच्छा उरलेली नाही आणि ती वडीलधाऱ्यांनी जागवायची आहे. हे गृहीतच मला मुळात खोटे वाटते.

एप्रिल 2021. टाळेबंदी पुन्हा कडक झाली होती. क्वेझोन सिटीतल्या मागिनहावा रस्त्यावर आना पात्रिसिया नॉन या 26 वर्षांच्या तरुणीने बांबूची एक छोटी गाडी उभी केली. तिच्यावर तांदूळ, भाजीपाला, डबाबंद खाणे. शेजारी पुठ्ठ्यावर सूचना: ऐपत असेल तसे ठेवा, गरज असेल तसे न्या. काही दिवसांत देशभर अशा शेकडो गाड्या लागल्या आणि त्यांवर राबणाऱ्यांत तरुण मुले-मुली मोठ्या संख्येने होती. त्यांना कोणी आवाहन केले नव्हते, प्रमाणपत्र कबूल केले नव्हते. उलट पोलीस चौकशा करू लागले, कम्युनिस्टांशी संबंध जोडला गेला, एका लेफ्टनंट जनरलने तर या मुलीची तुलना हव्वेला सफरचंद देणाऱ्या सैतानाशी केली. जिवाच्या भीतीने तिला गाडी काही काळ थांबवावी लागली. तरुणांना पुढे या म्हणणारी व्यवस्था पुढे आलेल्या तरुणीशी अशी वागते, हे आठवले की डिसेंबरातली भाषणे मला ऐकवत नाहीत.

शिवाय देशाबाहेर काम करणारे, राहणारे फिलिपिनो सुमारे एक कोटी आहेत. आई हाँगकाँगला किंवा आखातात, बाप जहाजावर, आणि घरी आजीच्या जोडीला सतरा-अठरा वर्षांची थोरली मुलगी: धाकट्यांचे डबे, शाळा, आजारपण, पैसे आले की उधारी चुकवणे. या मुलीला सेवाभाव शिकवायला कोण निघाले आहे?

तरीही ज्या मताशी मला खरे भांडायचे आहे ते भाषणबाज मंडळींचे नाही. प्रमाणपत्रे आणि मानधन यांचे आमिष दाखवा म्हणणाऱ्यांचेही नाही. त्यांना एवढेच सांगावे की पैसे घेऊन केलेल्या कामाला नोकरी म्हणतात आणि ती द्यायची असेल तर नीट द्यावी. मला भांडायचे आहे ते सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांशी, कारण त्यांच्या म्हणण्यात विचार आहे आणि म्हणूनच ते पटू लागते. जुलै 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी संसदेपुढच्या पहिल्याच वार्षिक भाषणात अकरावी-बारावीला लष्करी प्रशिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्याच वर्षअखेरीस कनिष्ठ सभागृहाने सक्तीच्या नागरी सेवा-प्रशिक्षणाचे विधेयक संमतही केले. समर्थकांचा मुद्दा असा: माणूस आपणहून चांगला वागत नाही, आधी करायला लावावे लागते, मग सवय लागते, सवयीतून आवड येते.

इतिहास त्यांना ठाऊक नाही असे नव्हे. मुलांना लष्करी प्रशिक्षण पूर्वी सक्तीचेच होते. 2001 मध्ये मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठातल्या मार्क वेल्सन च्वा या विद्यार्थ्याने त्यातली लाचखोरी उघड केली आणि त्याचा मृतदेह पासिग नदीत सापडला. त्या संतापातून जानेवारी 2002 मध्ये नवा कायदा झाला. लष्करी प्रशिक्षण ऐच्छिक झाले, जोडीला साक्षरता आणि लोककल्याण हे दोन पर्याय आले. पण सक्ती गेली नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला दोन सत्रे, दर सत्रात 54 ते 90 तास, तीनपैकी काहीतरी करावेच लागते. म्हणजे सवयीचा प्रयोग वीसहून अधिक वर्षे चालूच आहे. समर्थकांनी त्याचा हिशेब आधी द्यावा आणि मग सक्ती वाढवण्याचे बोलावे.

सवय लागते, हे मलाही मान्य आहे. प्रश्न कशाची लागते हा आहे. किनाऱ्यावर खारफुटी लावण्याचा कार्यक्रम घ्या. बस भरून विद्यार्थी येतात, ओहोटीच्या चिखलात रांगेने रोपे खोचतात, फोटो होतो, तास भरतात. खोचतात ती बहुधा कांदळाच्या जातीची लांब शेंगेसारखी रोपे, कारण ती गोळा करायला आणि रोवायला सोपी. खोचतात समुद्राच्या बाजूच्या उघड्या चिखलात, कारण ती जागा मोकळी आणि बिनवादाची. जुर्गेन प्रिमावेरा या तिथल्या ख्यातनाम तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत की, त्या जागी निसर्गतः तिवर आणि चिपीच्या जाती असतात, कांदळ तिथे टिकत नाही, बहुतेक रोपे मरतात. कोकणातल्या कोणाही मच्छीमाराला हे नुसते ऐकून पटेल. इथे विद्यार्थ्यांचा आळस नाही, उत्साहही खोटा नाही. पण रोपे मेली तरी विद्यार्थ्याचे काही अडत नाही, आणि विद्यार्थी पुन्हा आला नाही तरी किनाऱ्याचे काही अडत नाही. तास मात्र पुरे झालेले असतात.

माझे सगळे म्हणणे या एका फरकापाशी येऊन थांबते. एक सेवा हजेरीची असते, एक अडण्याची. पहिलीत मी आलो याची नोंद होते. दुसरीत मी आलो नाही तर कोणाचे तरी अडते, आणि त्याला माझे नाव माहीत असते. पहिली कितीही वाढवली तरी तिची दुसरी होत नाही. सक्तीचे समर्थक हाच फरक पाहत नाहीत. त्यांना वाटते, तास पुरेसे साचले की भरवसा आपोआप तयार होईल. पण सक्तीच्या योजनेत कोणाही एकाचे न येणे जाणवू नये, अशीच तिची रचना असते. लाखो मुलांना एका मापाने मोजायचे तर प्रत्येकाचे काम दुसऱ्याने केले तरी चालेल असेच असावे लागते. त्या कायद्याने साक्षरता आणि लोककल्याण हे पर्याय पुरे करणाऱ्यांची एक राष्ट्रीय राखीव फळी कल्पिली आहे, प्रत्येकाला अनुक्रमांकही मिळतो. कोणत्या आजीला पायऱ्या उतरवायला दोन माणसे लागतात, हे त्या अनुक्रमांकाला कुठून कळणार?

सक्तीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा समतेचा आहे: श्रीमंताच्या मुलालाही चिखलात उतरावे लागते. तो मी हसण्यावारी नेत नाही. पण दुपारी हॉटेलात थाळ्या उचलून रात्री शिकणाऱ्या मुलाचे शनिवारचे सहा तास आणि मोटारीतून येणाऱ्या मुलाचे सहा तास हजेरीपटावर सारखे भरतात; किमतीला ते सारखे नाहीत. समता मोजमापात आली, भारात आली नाही.

उलट उदाहरण फिलिपिन्सनेच दिले आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. सेबू प्रांतातल्या कामोतेस बेटांवर सान फ्रान्सिस्को हे छोटे नगर आहे. तिथे पुरोक, म्हणजे वाड्या, ही व्यवस्था 2004 नंतर नव्याने उभी केली गेली: प्रत्येक वाडीचे आपले पदाधिकारी, आपली वर्गणी, आपली ठरलेली बैठक. कचऱ्यापासून आजारपणापर्यंतची कामे वाडीच पाहते. आपत्तीपूर्व तयारीसाठी 2011 मध्ये या नगराला संयुक्त राष्ट्रांचा सासाकावा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी, 8 नोव्हेंबर 2013 रोजी, योलान्डा वादळ आले. ते येण्याआधीच नगराच्या हद्दीतल्या तुलांग दियोत या चिमुकल्या बेटावरच्या सुमारे हजार लोकांना हलवले गेले. घरे जवळपास सगळी गेली. माणूस एकही गेला नाही. त्या वादळाने देशात सहा हजारांहून अधिक बळी घेतले. समुद्राची लाट सर्वाधिक हानी झालेल्या ताक्लोबान शहरावर ज्या ताकदीने चढली तशी प्रत्येक ठिकाणी चढली नव्हती, तेव्हा दोन ठिकाणांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. पण नगरपालिकेचा आदेश आणि दार सोडून निघणारा माणूस यांच्यामध्ये ओळखीचे कोणीतरी लागते, एवढे यातून निश्चित दिसते. योलान्डानंतर मदतीची पाकिटे भरायला विद्यार्थ्यांची रीघ लागली होती, त्याबद्दल मला आदरच आहे. वादळाच्या आदल्या संध्याकाळी दार ठोठावणारा मात्र रीघ लावून मिळत नाही.

हे आपल्याला परके नाही. मनिलातूनच दिला जाणारा मॅगसेसे पुरस्कार 1979 मध्ये जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायका, ज्यांना शिकवून गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली गेली. गावाचे त्यांच्यावाचून अडू लागले आणि मगच गावाने त्यांना मान दिला. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरांपेक्षा ही गोष्ट वेगळ्या जातीची आहे, हे शिबिराला जाऊन आलेल्याला समजावून सांगावे लागणार नाही.

अडण्यातही धोका आहे. ज्याच्यावाचून अडते तो लवकरच डोईजड होतो. फिलिपिन्समध्ये घराणेशाही इतकी मुरलेली आहे की बरांगाय या सर्वांत खालच्या स्थानिक पातळीवरच्या युवक परिषदेतही ती शिरली, आणि सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या नातलगांना तिथून दूर ठेवण्यासाठी 2016 मध्ये कायद्यात खास तरतूद करावी लागली. शिवाय तिथला तरुण मुळात थांबतो किती? विशीतच परिचारिका होऊन ती रियाधला जाते, तो खलाशी होऊन निघून जातो. सक्तीवाले इथे विजयाने विचारतील: मग तुमची भरवशाची माणसे कुठे गेली?

गेली, आणि जाणारच. म्हणून अडावे ते कामाच्या जागेवाचून. त्या जागेवर माणूस बदलत राहावा. युवक परिषदेला बरांगायच्या सर्वसाधारण निधीतला दहा टक्के हिस्सा कायद्याने मिळतो. त्यातला बराच भाग बास्केटबॉलच्या स्पर्धा आणि त्यांच्या गणवेशांवर जातो, ही तिथल्या लोकांचीच जुनी तक्रार आहे. त्यातून दर वाडीला दोन तरुण नेमता येतील, एक काम करणारा आणि एक त्याच्या मागे फिरून शिकणारा: कोणत्या घरी इन्सुलिन आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाची होडी वेळेला मिळेल, कोणता म्हातारा डुक्कर सोडून हलणार नाही आणि त्याला कोणाचे बोलणे पटते. पहिला परदेशी निघाला की दुसरा पुढे येईल आणि तिसऱ्याला सोबत घेईल. घर सांभाळणारी ती थोरली मुलगी यात आपणहून बसते, कारण तिला स्वतःची गल्ली सोडून कुठे जायचे नाही. तिचे तास मोजू नयेत. तिच्या धाकट्या भावंडांकडे दुपारी दोन तास कोणी पाहील का, हे परिषदेने विचारावे.