मोकळ्या पिस्टनची शिस्त

कॉम्प्रेसर म्हटला की पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक हे त्रिकूट डोळ्यांपुढे येते. यातला क्रँक शक्ती पोहोचवतो, शिवाय पिस्टनने किती पुढे जायचे, कुठे थांबायचे आणि केव्हा परतायचे हेही तोच ठरवतो. अर्जेंटिनाचे अभियंते राउल पातेरास पेस्कारा यांनी १९२०च्या दशकात हा क्रँकच काढून टाकला. मधल्या सिलिंडरमध्ये इंधन पेटते, समोरासमोरचे दोन पिस्टन बाहेर फेकले जातात, त्यांची बाहेरची टोके हवा दाबतात आणि दाबलेल्या हवेचाच काही भाग त्यांना परत आत लोटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवर युंकर्सचे कॉम्प्रेसर याच जातीचे होते. भाग कमी झाले, बेअरिंगवरचा भार गेला, कंपने घटली. पण क्रँकबरोबर त्याचा हुकूमही गेला. दाब किंवा इंधन किंचित बदलले की पिस्टनची धाव कमीजास्त होऊ लागली. यंत्रातला बांधून ठेवणारा भाग काढला तरी त्याचे काम शिल्लक उरते आणि ते कुणावर तरी सोपवावेच लागते. मुक्त पिस्टनच्या रचनेचा सारा विकास म्हणजे या सोपवणुकीचा शोध आहे, असे मला वाटते. त्याचा सर्वांत कसदार टप्पा ऑस्ट्रेलियात घडला.

तिथला प्रश्न वेगळा होता. अंतराळातून परतणारे यान सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने वातावरणात शिरते. तसा प्रवाह जमिनीवर निर्माण करायचा तर दर किलो हवेला सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा द्यावी लागते. सेकंदाला एक किलो हवा सतत वाहती ठेवायची म्हटली तर ३२ मेगावॅट, आणि तेही कुठलीच गळती न धरता. शॉक ट्यूबचा मार्ग स्वस्त असतो. दाबलेला हलका वायू पडदा फोडून नळीत घुसतो आणि पुढच्या वायूत शॉक वेव्ह धावते. मात्र तिचा जोर ढकलणाऱ्या वायूतल्या ध्वनिवेगावर अवलंबून असतो आणि तो वेग वाढवायचा तर वायू तापवावा लागतो. रे स्टॉकर यांनी १९६०च्या सुमारास यावर मुक्त पिस्टनचा उपाय मांडला. सायकलचा पंप झपझप मारला की त्याचे तळाचे टोक गरम होते. तेच तत्त्व इथे टोकाला नेले आहे. खोलीच्या तापमानाचा हेलियम साठाव्या हिश्श्यात दाबला तर आदर्श गणिताने त्याचे तापमान सुमारे ४,६०० केल्विन होते आणि त्यातला ध्वनिवेग सेकंदाला एक किलोमीटरवरून चारच्या घरात जातो. इतक्या तापलेल्या वायूपुढे पोलाद फार वेळ टिकणार नाही, पण वायू तसा राहतो काही मिलिसेकंदच. भिंत तापायला सवड मिळत नाही.

एकदाच धावून थांबणाऱ्या या साधनाला कॉम्प्रेसर म्हणावे की तोफ, असा आक्षेप घेता येईल. दिसायला ते तोफेच्या जवळचे आहे हे खरे. पण तोफेत गोळ्याचा वेग हेच फळ असते, इथे पिस्टनचा वेग ही तात्पुरती ठेव आहे आणि ती शेवटच्या थेंबापर्यंत वायूला परत द्यायची असते. स्टॉकर यांनी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत टी१ ते टी३ ही यंत्रे उभी केली. पुढे ते ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात गेले आणि तिथे १९८७मध्ये टी४ सुरू झाले. टी४ची दाबनळी २६ मीटर लांब आणि २२९ मिलिमीटर व्यासाची, तर पिस्टन ९० किलोंच्या आसपासचा. मागच्या टाकीतली दाबलेली हवा त्याला हळूहळू वेग देते. पुढचा हेलियम सुरुवातीला जवळपास विरोधच करत नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र त्याचा दाब झपाट्याने चढतो आणि पिस्टनने मीटरगणिक जमवलेली ऊर्जा थोड्याशा अंतरात वायूत उतरते. टोकाला खाचा पाडलेला पोलादी पडदा असतो. ठरलेल्या दाबाला तो त्या खाचांवर फाटतो, पाकळ्यांसारखा उघडतो आणि शॉक वेव्ह सुटते.

खरी कसोटी त्यानंतरच्या क्षणांची. पडदा फाटताच तापलेला वायू पुढे पळतो आणि मागचा दाब कोसळू लागतो. त्या वेळी पिस्टन जवळजवळ थांबलेला असेल तर जोर लगेच ओसरतो. तो अजून वेगात असेल तर निघून गेलेल्या वायूची जागा तो भरत जातो आणि दाब काही काळ टिकतो. पण वेग जास्त झाला तर पिस्टन नळीच्या टोकावर आदळतो. म्हणून पिस्टनचे वजन, टाकीचा दाब, पडद्याची ताकद आणि हेलियममध्ये मिसळायच्या आर्गॉनचे प्रमाण, सगळे एकमेकांशी जुळवावे लागते. जपानमधल्या काकुदा येथील हायेस्ट या मुक्त पिस्टनच्या यंत्रावर काम करणाऱ्या संशोधकांनी १९९०च्या दशकात ही जुळणी नेटकी केली. क्वीन्सलंडच्या एक्स२ यंत्रात ३५ किलोंच्या पिस्टनऐवजी साडेदहा किलोंचा आला. हलका पिस्टन वेग लवकर पकडतो, म्हणून पडदा फाटताना त्याच्यात पुरेशी गती उरते. अर्थात तेवढ्याच हलक्या धातूने प्रचंड प्रवेगही सोसावा लागतो, म्हणजे एकाची अडचण सोडवताना दुसऱ्याची वाढते. क्रँकचे काम इथे वस्तुमान, वायू आणि पडदा यांनी वाटून घेतले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तासन्‌तास तयारी करून हाती लागतो एखाददुसरा मिलिसेकंद. एवढ्यात काय कळणार? उत्तर प्रवाहाच्याच वेगात आहे. सेकंदाला तीन किलोमीटरने जाणारी हवा एका मिलिसेकंदात तीन मीटर ओलांडते, म्हणजे अर्ध्या मीटरच्या प्रतिकृतीवरून ती सहा वेळा वाहून जाते. दाब मोजायला तेवढा अवधी पुरतो. तिसरा आक्षेप संगणकाचा: हे सारे गणिताने संगणकावरच का काढू नये? पण ज्या तापमानाला हवेचे रेणूच तुटू लागतात, तिथल्या रसायनाचे सूत्र संगणकाला कुणीतरी मोजून दिलेले असावे लागते. क्वीन्सलंडच्या हायशॉट प्रकल्पाने तर या यंत्राचीच परीक्षा घेतली. ३० जुलै २००२ रोजी वूमेरातून सोडलेल्या रॉकेटवरच्या स्क्रॅमजेटने उड्डाणात ध्वनीहून वेगवान प्रवाहात इंधन जाळले आणि प्रयोगाचा हेतूच मुळी आकाशातले दाब टी४मधल्या दाबांशी ताडून पाहण्याचा होता.

स्टॉकर यांच्या कल्पनेवरून जर्मनीतल्या ग्योटिंगेनला, अमेरिकेतल्या कॅलटेकला आणि काकुदाला मोठी यंत्रे उभी राहिली. तरीही आकारातली वाढ हे या कल्पनेचे माप नव्हे. पेस्कारांना सतत चालणारे यंत्र हवे होते आणि धावेची अनिश्चितता त्यांच्यापुढे दोष म्हणून उभी राहिली. स्टॉकर यांनी एकाच धावेचा पुरेपूर वापर केला, तेव्हा तीच अनिश्चितता जुळवून घेण्याजोगी राशी झाली. दोष आणि गुण यांतला फरक कामाच्या निवडीने पडला. म्हणून एखादी जुनी रचना फसली असे ठरवण्याआधी तिला कोणते काम दिले होते हे तपासणे अभियंत्याचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते तपासायचे तर काढून टाकलेल्या भागाचे काम आता कोण करत आहे, याचा हिशेब आधी मांडायला हवा.