आम्ही दिला, आम्ही घेतला

१ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या वानखेडेवर नाणेफेकीला आला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. संजय मांजरेकरांना ध्वनिक्षेपकावरून ‘नीट वागा’ असं सांगावं लागलं. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, विश्वचषक घेऊन आलेल्या भारतीय संघाची मिरवणूक निघाली तेव्हा मरीन ड्राइव्ह, म्हणजे गिरगावातल्या फणसवाडीतून ठाकुरद्वार ओलांडून पायी गाठता येणारा रस्ता, माणसांनी गच्च भरला होता, आणि त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा गजर झाला. यावर तेव्हा जी चर्चा झाली आणि अधूनमधून अजूनही होते, ती दोन-तीन ठरलेल्या वाक्यांच्या पुढे जात नाही. प्रेक्षक उर्मट झाले, हे एक वाक्य. प्रेक्षक चंचल असतात, हे दुसरं. निष्ठा खेळाडूवर असावी की संघावर, हा तिसरा, जरा पोक्त दिसणारा प्रश्न. उर्मटपणाची तक्रार नगरपालिकेच्या पातळीवरची आहे, ती तिथेच सोडू. चंचलपणाचा आरोप करणाऱ्यांनी दोन्ही प्रसंगी मैदानात काय घडत होतं याकडे पाहिलेलंच नाही. उरला तिसरा प्रश्न. तो मला चुकीच्या जागी रेघ मारणारा वाटतो.

त्या एप्रिलमध्ये एकाच स्टेडियममध्ये दोन हिशेब एकमेकांवर आदळत होते. मालकांच्या हिशेबात रोहित शर्मा ही एक उत्तम खरेदी होती. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्समधून तो २०११ च्या लिलावात मुंबईकडे आला, त्याच्या नेतृत्वाखाली संघाने पाच विजेतेपदं मिळवली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कर्णधारपद त्याच्याकडून काढून बाहेरून आणलेल्या हार्दिककडे देण्यात आलं. विकत घेतलेल्या वस्तूची जागा बदलायला मालकाला कोणाला विचारावं लागत नाही. प्रेक्षकांच्या हिशेबात मात्र रोहित हा बोरिवलीत वाढलेला, इथल्या शालेय क्रिकेटमधून मुंबईच्या रणजी संघात आणि तिथून देशाच्या संघात गेलेला, म्हणजे या शहराने दिलेला खेळाडू होता. (त्याचा जन्म नागपूरचा, याची कोणी आठवण काढली नाही, आणि काढायचं कारणही नव्हतं.) म्हणून माझ्या मते खरा भेद खेळाडू आणि संघ यांच्यात शोधून हाती काही लागत नाही. काही संघ ‘आम्ही याला दिला’ असं म्हणून मिरवतात, काही ‘आम्ही याला घेतला’ असं म्हणून. चाहत्याची निष्ठा या दोहोंतल्या कोणत्या अभिमानावर उभी आहे, यावर तिचा स्वभाव ठरतो. जुलैतला गजर याच अर्थाने एप्रिलशी सुसंगत होता: हार्दिक तेव्हा कोणी आणलेला नव्हता, सगळ्यांनी मिळून दिलेला होता.

याला जे उत्तर दिलं जातं ते वजनदार आहे, आणि शहाण्या माणसांना प्रिय आहे. ते असं: मातीची, वाडीची, गल्लीची निष्ठा ही घट्ट असते आणि घट्ट निष्ठा घातक असते. मुंबईने तिचा प्रयोग पंचरंगी सामन्यांत करून पाहिला. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘शेष’ असे संघ करून आपण धर्माधर्मांत टाळ्या वाटल्या. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ साली ते प्रकरण संपलं तेव्हा सुजाण लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. त्याच्या तुलनेत आयपीएलची निष्ठा अंगात घालावी आणि रात्री घडी करून ठेवावी अशी आहे. गिरगावातल्या मुलाने धोनीपायी चेन्नईचा पिवळा शर्ट घातला तर त्याचं डोकं कोणी फोडत नाही. हलकी निष्ठा हीच नागरी निष्ठा.

या युक्तिवादातलं पहिलं पाऊलच घसरलेलं आहे. पंचरंगी सामने मुंबईत होत, पण ते मुंबईचे नव्हते. हिंदू संघात पुण्याचे देवधर असत, होळकरांच्या पदरी असलेले सी. के. नायडू असत, इतर संघांचीही भरती देशभरातून होई. कुठल्याही मोहल्ल्याने, कुठल्याही मैदानाने तो संघ घडवलेला नसे. नावाजलेले खेळाडू बोलवायचे, त्यांच्यावर एक तयार शिक्का मारायचा, मोठ्या स्टेडियममध्ये त्यांना उतरवायचं आणि शिक्क्याच्या जोरावर तिकिटं खपवायची, ही त्याची रीत. ती कोणाची पूर्वज शोभते? दादर-गिरगावातल्या मैदानी क्लबांची, की ज्या स्पर्धेची तरफदारी करायला हे उदाहरण आणलं जातं तिची? शिक्का किती पोकळ होता हे १९४३ च्या अंतिम सामन्यात दिसलं. ‘शेष’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. सांगलीचा हा मराठी ख्रिस्ती माणूस मुंबईत, मराठी प्रेक्षकांसमोर, ‘उरलेल्यां’च्या संघातून खेळत होता. ‘हा आपल्यातून गेलेला’ असं म्हणायला त्या प्रेक्षकाला जागाच ठेवलेली नव्हती. आणि ज्याला आपलं म्हणायचं त्याच्याशी तरी संघ कसा वागला? पळवणकर बाळू हे हिंदू संघाचे सर्वांत मोठे गोलंदाज, पण चर्मकार समाजातल्या या माणसाला अधिकृत कर्णधारपद कधीच मिळालं नाही; धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं. १९३७ साली नव्याकोऱ्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर तर हिंदू संघ उतरलाच नाही. भांडण धर्माचं नव्हतं, प्रेक्षकांच्या जागावाटपाचं होतं. (पुढे ब्रेबॉर्नचा मालक क्लब आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन याच जागांवरून पुन्हा भांडले आणि त्यातून वानखेडे उभं राहिलं. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास कोणीतरी खुर्च्यांच्या बाजूने लिहायला हवा.) पंचरंगी विषारी झाले ते निष्ठा जवळची होती म्हणून नव्हे. ती कुठलीच नव्हती, नुसती मोठी होती.

आता तिची खरी विरुद्ध बाजू पाहा. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातली चुरस कित्येक दशकं मुंबईच्या क्लब क्रिकेटमधली सर्वांत कडवी मानली गेली. कांगा लीगमध्ये पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर हे दोन संघ भेटत तेव्हा कोणी कोणाला सूट देत नसे. पण त्या चुरशीचं फलित कुठे मोजायचं? १९७१ साली वेस्ट इंडीजला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार अजित वाडेकर शिवाजी पार्क जिमखान्याचे, आणि पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढणारे सुनील गावसकर दादर युनियनचे. माटुंग्याकडच्या, म्हणजे दादर युनियनच्या, चाहत्याने शत्रूच्या गोटातल्या कर्णधाराचा जयजयकार केला आणि त्यात त्याला काही सोडावं लागलं नाही, कारण आपलाही माणूस त्याच विजयात होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत रणजी करंडक सलग पंधरा वर्षं मुंबईकडे राहिला तो एकट्या या चुरशीमुळे असं म्हणणं फाजील होईल. पण या चुरशीशिवाय तो राहिला असता असं मला वाटत नाही. हेच वाडेकर स्टेट बँकेत होते आणि गावसकर निर्लॉनमध्ये. त्या नात्याने ते टाइम्स शील्ड ही कंपन्यांची स्पर्धाही खेळत. कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, संसार मार्गी लावले, सामनेही अटीतटीचे झाले. तरी गावसकर निर्लॉनचा, असं अभिमानाने सांगणारा चाहता तयार झाला नाही. कंपनीने त्यांना घेतलं होतं, क्लबने दिलं होतं.

इथे ‘भाऊबंदकी’ हा शब्द उच्चारला जाणार याची मला कल्पना आहे. मराठी माणसाला जवळचं वैर शिकवायला नको. शेजाऱ्याशी असलेली चुरस ही परक्याशी असलेल्या वैरापेक्षा सौम्य असते, हे कोणत्या आधारावर? आधार नाही, आणि माझा तसा दावाही नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न आणि अलाबामा या दोन विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या वैराने घरंच्या घरं दुभंगलेली आहेत. १९०७ नंतर हा सामना थेट १९४८ पर्यंत खेळवलाच गेला नाही, आणि २०१० मध्ये ऑबर्नच्या विजयानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने प्रतिस्पर्ध्यांच्या चौकातल्या जुन्या ओक वृक्षांवर विष ओतलं. पण त्या राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. दोन्हीकडचे उत्तम खेळाडू वर जातात ते दूरच्या, वेगवेगळ्या शहरांत. दोन्ही चाहत्यांना एकाच बाकावर बसवील असा ‘मुंबई’सारखा संघ त्यांच्या डोक्यावर नाही. देणाऱ्या निष्ठेला देण्यासाठी एक सामाईक ठिकाण लागतं. ते नसलं की ती आत सडते. तिथे आता दुसरीच अडचण उभी आहे. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि वर्ष न गमावता विद्यापीठ बदलता येतं. २०२५ पासून विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. खेळाडूला त्याच्या घामाचा मोबदला मिळाला हे योग्यच झालं, तो त्याला फार उशिरा मिळाला. पण ‘आमच्या विद्यापीठाने घडवला’ म्हणणारा चाहता हळूहळू ‘आमच्या विद्यापीठाने मिळवला’ म्हणू लागला आहे, आणि आपलं नेमकं काय हरवलं ते त्याला सांगता येत नाही.

याहून टोचणारा आक्षेप मुंबईच्याच पोटातला आहे. दादरचं क्लब क्रिकेट मोठ्या प्रमाणात पांढरपेशांचं होतं. लालबाग-परळच्या गिरणगावात त्याच काळात कबड्डीचे डाव रंगत होते आणि त्या मुलांसाठी कांगा लीग हे जवळपास परदेश होतं. देणारी निष्ठा कोणाला आत घेते, हा प्रश्न तिला विचारायलाच हवा, आणि तिचं उत्तर नेहमी चांगलं आलेलं नाही. मात्र ती जन्मावर उभी असतेच असं मानण्याचं कारण नाही. यशस्वी जयस्वाल उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आला, आझाद मैदानातल्या तंबूत राहिला, मुंबईकडून खेळून मोठा झाला. २०२५ मध्ये त्याने गोव्याकडून खेळायची परवानगी मागितली तेव्हा इथे जी चुटपुट लागली, आणि त्याने विनंती मागे घेतली तेव्हा जो दिलासा मिळाला, तो भूमिपुत्रासाठी नव्हता. मैदानाने त्याच्यावर काही खर्च केलं होतं आणि ते मैदानाला ठाऊक होतं.

मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या टी-२० लीगकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की स्थानिक निष्ठेचा प्रयोग आता झाला आणि फसला. २०२५ चा अंतिम सामना तर आपल्या विषयासाठीच बेतल्यासारखा होता: ‘सोबो मुंबई फाल्कन्स’ विरुद्ध ‘मुंबई साउथ सेंट्रल मराठा रॉयल्स’, म्हणजे नावापुरतं गिरगाव विरुद्ध दादर-परळ, आणि दादर-परळ जिंकलं. फणसवाडीने हा पराभव मनाला लावून घेतला असेल, असं समजायला फार भाबडेपणा लागेल. पण यात प्रयोग कुठे झाला? संघांना नावं शहराच्या भागांची मिळाली, खेळाडू लिलावातून आले, सामने वानखेडे आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. नकाशा देणाऱ्यांचा, व्यवहार घेणाऱ्यांचा. असोसिएशनमध्ये मैदानी क्लबांना मत आहे. प्रत्येक संघात किमान चार-पाच जण त्या-त्या भागातल्या क्लबांमधूनच घ्यावेत आणि त्यांच्या निवडीत क्लबांचा शब्द असावा, हा एका ठरावाचा विषय आहे. मालक म्हणतील, याने संघांची ताकद असमान होईल. होईल. दादर युनियन आणि त्या वर्षीचा कांगा लीगमधला तळाचा संघ यांची तरी कधी समान होती?