दयेची पदरमोड

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर आपण लहानपणापासून प्रवचने ऐकत आलो आहोत. मेंढपाळ त्या एका मेंढराच्या शोधात निघतो, सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन परततो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. रानात मागे राहिलेल्या नव्व्याण्णवांचे त्या वेळात काय झाले असेल, हा प्रश्न चर्चमध्ये बसून ऐकताना सहसा कोणाला पडत नाही. तो पडतो शाळेच्या पालकसभेत. वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याच्या दंडाचा चावा घेतलेला असतो, बाईंच्या अंगावर कंपासपेटी फेकलेली असते, आणि रविवारी त्या दाखल्याला ‘आमेन’ म्हणणारे आपणच उठून विचारतो : ह्या मुलाला तुम्ही शाळेत ठेवणार आहात की नाही?

असे विचारणाऱ्या पालकांना निर्दय ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. आपले मूल सकाळी धडधाकट पाठवले तसे संध्याकाळी परत यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. शिवाय दाखल्यात मेंढपाळ आणि मेंढरे एवढेच असतात, शाळेत मात्र तिसरी एक व्यक्ती असते. पन्नास-पंचावन्न मुलांसमोर एकटी उभी राहणारी शिक्षिका. तिच्याविषयी पालकसभेत कोणी बोलत नाही आणि प्रवचनातही नाही.

कोणत्या मुलाविषयी आपण बोलत आहोत, हे आधी नीट पाहू. खोडकर, लाडावलेल्या किंवा दांडगट मुलाचा हा विषय नव्हे. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेले एखादे मूल घ्या. पंख्याची घरघर, घंटेचा कर्कश आवाज, मधल्या सुटीतली ढकलाढकली हे सारे आपल्याला जेवढे जाणवते त्याच्या कितीतरी पट त्याच्यावर आदळते. आपल्याला काय होते आहे हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात. मग हात बोलू लागतात, दात बोलू लागतात, कधी ते मूल स्वतःचेच डोके भिंतीवर आपटते. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला तेव्हा पाचगणीच्या शाळेतल्या त्या मुलासाठी आपण घरोघरी डोळे पुसले. ते मूल अक्षरांशी झगडत होते. त्याने शिक्षकावर हात उगारला नव्हता. ज्याच्यामुळे कोणाला इजा होत नाही अशा मुलावर माया करणे आपल्याला जमते. खरा पेच त्यापुढचा आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो की गंभीर पापासाठी गंभीर विषय, पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती ह्या तिन्ही गोष्टी लागतात. कॅनन कायद्यानुसार मुलाला समज येण्याचे वय सात वर्षांचे मानले जाते. योगायोग असा, की सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व भारतीय दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तेव्हा त्या मुलाकडे ना पाप आहे, ना गुन्हा. परंतु शिक्षिकेच्या मनगटावर उमटलेले दातांचे व्रण खरेच असतात, धनुर्वाताचे इंजेक्शन खरेच घ्यावे लागते. दोषाशिवाय घडलेली इजा आपल्याला सहन होत नाही, म्हणून आपण दोषी शोधू लागतो. बहुधा तो मुलाच्या आईत सापडतो. तिने वळण लावले नाही. आईत सापडला नाही तर शिक्षिकेत. तिला वर्ग सांभाळता येत नाही. आमच्या मते ह्या प्रश्नातला सर्वांत मोठा अन्याय इथे होतो. ज्या दोघी त्या मुलाच्या सर्वांत जवळ असतात, त्यांनाच आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

आपण कोल्हापूरकर ह्या बाबतीत अगदीच अडाणी नसावे, अशी अपेक्षा ठेवायला जागा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्या बरीच वर्षे आधी, १९०१ पासून, त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली होती, हे सांगायला विसरतो. खेड्यातून आलेले गरीब पोर शहरात राहणार कुठे आणि खाणार काय, याची सोय केल्याशिवाय शाळेचे उघडे दार त्याच्या उपयोगाचे नाही, हे त्या राजाला कळत होते. आपल्या काळात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था ह्याच शहरात उभी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या ह्या बाईंनी आपल्याला शिकवले की पायरीच्या जागी उतार बांधला की अर्धे अपंगत्व नाहीसे होते. (सरकारी भाषेत ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. शब्द सुधारला, चांगले झाले. त्याला फारसा खर्च येत नाही.) सिमेंटचा उतार एकदा बांधला की वर्षानुवर्षे पुरतो. ज्या मुलाची अडचण पायात नसून मनाच्या वादळात आहे, त्याच्यासाठी लागणारा उतार माणसांचा असतो, आणि तो रोज सकाळी नव्याने बांधावा लागतो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास बंदी केली आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळही निषिद्ध ठरवला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले आहे. दरम्यान दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला. शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या संस्थांनी भेदभाव न करता अशा मुलांना सामावून घ्यावे, असे तो सांगतो. वकील ह्यातून काय वाटा काढायच्या त्या काढोत. आपल्या शाळांच्या दर्शनी भिंतीवर लहान लेकरांना जवळ घेणाऱ्या प्रभू येशूचे चित्र असते. त्या भिंतीखाली बसून ‘आम्हांला हा कायदा लागू होत नाही’ असे एखाद्या आईला सांगणे आम्हांला तरी शोभणारे वाटत नाही.

तरीही ‘घ्या त्याला वर्गात’ एवढे म्हणून कर्तव्य संपले असे मानणारे जे सज्जन आहेत, त्यांच्याशी आमचा वाद आहे. किंबहुना हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज नावाच्या गावी ६ जानेवारी २०२३ रोजी पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने भर वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. ती वाचली. बंदूक हा त्या देशाचा रोग आहे, आपल्याकडे तो तसा नाही. पण त्या घटनेतील दोन बारकावे आपल्याही कामाचे आहेत. मुलाच्या कुटुंबाने नंतर सांगितले की त्याला तीव्र स्वरूपाचे अपंगत्व होते, ठरलेल्या योजनेनुसार आई किंवा वडील रोज त्याच्यासोबत वर्गात बसत, आणि सोबत कोणी नसण्याचा तो पहिलाच आठवडा होता. दुसरे असे, की मुलाजवळ शस्त्र असल्याची शंका त्या दिवशी कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांच्या कानावर पुन्हा पुन्हा घातली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील ज्यूरीने तत्कालीन उपमुख्याध्यापिकेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरून शिक्षिकेला एक कोटी डॉलर भरपाई द्यावी असा निवाडा दिला. सोबतचे माणूस गेले आणि शिक्षिकेचे म्हणणे ऐकले गेले नाही. ह्या दोन गोष्टी घडायला बंदूक लागत नाही. आपल्याकडे शिक्षिकेने तक्रार केली की तिला ऐकवले जाते, ‘तुमच्यात माया कमी पडते.’ धर्मभगिनींच्या शाळेत तर हे वाक्य फारच जड पडते. त्यात मुलाला आवरायला धरले तर मारल्याचा आरोप आणि न धरले तर दुर्लक्षाचा, अशी तिची कोंडी होते.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात एक पात्र आहे, ज्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालून आणतो, रात्रभर स्वतः त्याची शुश्रूषा करतो, आणि दुसऱ्या दिवशी निघताना रक्षकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो. पुढे आणखी खर्च झाला तर परत येताना तोही फेडण्याचा शब्द देतो. समजा, त्याने जखमी माणूस दारात उतरवला असता, रक्षकाला सेवेचे महत्त्व समजावून सांगितले असते आणि तो यरीहोच्या वाटेने निघून गेला असता. मग आपण त्याला दयाळू म्हटले असते काय? आपल्या संस्था, आपल्या पालकसभा आणि आपण सारे बहुधा हेच करत असतो. प्रवेश देण्याचे पुण्य व्यवस्थापनाच्या खाती, कौतुक गावाचे, आणि किंमत मोजायची ती वर्गातल्या एकट्या बाईने, आपल्या अंगावर व्रण घेऊन. दयेला पदरमोड करावी लागते. दुसऱ्याच्या पदरातून केलेल्या खर्चाला दया म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पदरमोड म्हणजे काय, ते सांगणे अवघड नाही. वर्गात दुसरे प्रौढ माणूस हवे. विशेष शिक्षक हवा. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. गोंगाटापासून दूर एक शांत खोली हवी, जिचा उपयोग कोंडून ठेवण्यासाठी होणार नाही. मूल बिथरले की त्याला धरण्याऐवजी इतर मुलांना बाहेर नेणे, स्वतः दोन पावले मागे होणे, कमीत कमी शब्द बोलणे ही शिकण्याची विद्या आहे, आणि ती शिकायला शिक्षिकेला भरपगारी रजा हवी. बिथरण्याआधी नेमके काय घडले, घंटा झाली, जागा बदलली की डबा उशिरा उघडला, ह्याची रोज नोंद ठेवली तर पुष्कळ प्रसंग उद्भवतच नाहीत. तूरिनच्या रस्त्यावरच्या दांडग्या मुलांना छडीशिवाय वाढवणाऱ्या संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपली प्रतिबंधात्मक पद्धत लिहून ठेवली. तिचा सारा भर, वडीलधाऱ्यांनी सतत मुलांमध्ये असण्यावर आहे. आपण त्यांच्या प्रेमाविषयी बोलतो. त्या प्रेमासाठी किती माणसे राबत होती ते मोजत नाही. मोठ्या शहरांत काही शाळा अशा मुलासोबतच्या ‘शॅडो टीचर’चा पगार त्याच्या पालकांवरच टाकतात. औषधोपचारांनी आधीच पिचलेल्या घरावर हा आणखी एक दंड झाला. तो खर्च सर्व पालकांच्या फीमधून आणि धर्मग्रामाच्या झोळीतून आला पाहिजे.

नव्व्याण्णवांच्या पालकांना आमचे एक सांगणे आहे. वेगळ्या मुलासोबत वाढणे हे आपल्या मुलांचे शिक्षण आहे, हे खरेच. पण सहानुभूती शिकावी म्हणून त्यांनी मार खावा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. सुरक्षिततेची मागणी अवश्य करा. तिची पावती मात्र त्या मुलाच्या नावाने फाडू नका, व्यवस्थापनाच्या आणि स्वतःच्या नावाने फाडा.

आणि एवढे सगळे करूनही इजा थांबत नसेल तर? असे प्रसंग येतात, आणि तेव्हा नुसते ‘सहन करा’ म्हणणे आम्हांला मान्य नाही. काही काळ अर्धा दिवस शाळा, काही काळ वेगळी खोली, कधी आपल्या शहरातील ‘चेतना’सारखी विशेष शाळा, ह्या वाटा अपमानाच्या नाहीत. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने घरच्या घरी शिक्षणाचीही सोय केली. मात्र ती निवड कुटुंबाची आहे, ती शाळेच्या सुटकेची पळवाट होऊ नये. हाकलून देणे आणि दुसरीकडे पोचवणे ह्यांतला फरक ओळखण्याची आमची खूण साधी आहे. पुढच्या महिन्यात त्या घरी कोणी गेले का? मुलाचा वाढदिवस शाळेत कोणाच्या लक्षात होता का? परत येण्याची तारीख ठरली होती का?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात असाच एक मुलगा आहे. तो जमिनीवर कोसळतो, तोंडाला फेस येतो, कधी आगीत पडतो, कधी पाण्यात. शिष्यांना काही जमत नाही आणि भोवती शास्त्र्यांचा वाद चाललेला असतो. प्रभू येतो आणि बापाला आधी विचारतो, ह्याला हे केव्हापासून होते आहे? आणि बाप सांगतो, अगदी लहानपणापासून. आज शाळेच्या प्रवेशाच्या टेबलापाशी हाच प्रश्न आला की आईबाप खोटे बोलतात. डॉक्टरांची फाइल घरी ठेवून येतात, कारण खरे सांगितले तर अर्ज तिथेच बाजूला पडेल, हे ते अनुभवाने शिकलेले असतात. मग मूल काहीही पूर्वतयारी नसलेल्या वर्गात येऊन बसते, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला चावा घेते, आणि फसवणूक झाली म्हणून शाळा संतापते. त्या टेबलामागे बसणाऱ्या आपल्या माणसांनी यंदा तो प्रश्न अशा रीतीने विचारावा, की समोरच्या बापाला पिशवीतली फाइल बाहेर काढण्याचा धीर व्हावा. त्यासाठी टेबलाच्या ह्या बाजूला दुसऱ्या शिक्षिकेच्या पगाराची तरतूद आधीच झालेली असायला हवी. पालकसभेची बैठक त्याआधी असते, आणि फीवाढीचा विषय तिच्यात बहुधा शेवटी घेतला जातो, निम्मे लोक उठून गेल्यावर.