मे महिन्यातली ती रात्र

पांडुरंगा,

सास्काटूनचा हिवाळा कमी कर, असं मागायला आलेली नाही. उणे चाळीस अंशांत कॅनडाचं हे माळरान दगडासारखं होतं, नदीवर बर्फ धरतो, आणि शहराला ज्याच्या फळाने नाव दिलं ते झुडूप उघड्यावर उभं राहतं. येत्या वसंताची फुलं त्याने गेल्या उन्हाळ्यातच कळ्यांत बांधून ठेवलेली असतात. एवढं बळ तूच दिलंस.

मग मे महिन्यात तेच झुडूप इतकं हळवं का करतोस? पाच पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली, की शून्याखाली दोन-तीन अंशांची एक रात्रही त्यांना पुरते. सकाळी पाकळ्या तशाच पांढऱ्या दिसतात, पण आतला गाभा काळा पडलेला असतो. हिवाळाभर टिकलेलं या एका पहाटे जावं, हा न्याय मला उमगत नाही. तो समजावून सांगू नकोस. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असा गारठा आला, तर वर थोडे ढग पसर, म्हणजे जमिनीची ऊब उडून जाणार नाही. तेवढ्याने भागेल.

हे मागणं माझ्या एकटीचं नाही. इथल्या मूळच्या क्री लोकांनी पिढ्यान् पिढ्या ही फळं वाळवली, बायसनच्या सुक्या मांसात नि चरबीत कालवून पेमिकन केलं. याच लाकडाचे बाण केले. फरच्या व्यापाऱ्यांच्या होड्याही पेमिकनच्याच जिवावर चालल्या. पुढे बायसनचे कळप बंदुकांनी संपवले. 1876 मध्ये सरकारशी त्यांचा ‘सहावा तह’ झाला आणि या माळरानाची माणसं राखीव वस्त्यांत कोंडली गेली. झुडूप तेवढं राहिलं, कारण वरून जळालं तरी ते मुळांतून धुमारे फोडतं. आम्ही इथे कालपरवा आलेले लोक. फळं तोडताना मला याचा विसर पडू देऊ नकोस.

रॉबिन आणि वॅक्सविंग पाखरं आमच्याआधी फळांवर उतरतात. त्यांचा राग येतो, तो घालव. जुलैत झुडपात शिरलं की डास फोडून काढतात, तेही जमल्यास बघ. पण ते मागणं दुसऱ्या नंबरचं.

आषाढीच्या आसपास फळं जांभळी होतात. गोड असतात, करवंदाची आंबट चटक त्यांत नाही. बी चावली की किंचित बदामाची चव येते. वारीला येणं मला जमत नाही. उपासाच्या दिवशी वाटीभर तुझ्यापुढे ठेवीन. यंदा फांद्या भरू देत, देवा: आधी पाखरांचं भागव, क्री आज्यांच्या बादल्या भर, मग उरलं तर आम्हाला दे.