गोफणीचा धोंडा

जोंधळ्याच्या कणसात दाणा भरू लागला की मला माळा आणि गोफण आठवते. लहानपणी जालन्याजवळच्या आमच्या रानात मी पाखरे राखीत असे. एकदा ताटांत सळसळ झाली. डुक्कर शिरले असे समजून मी गोफण फिरवली. धोंडा नेमका सळसळीवर पडला आणि किंकाळी उठली. तिथे काकू गवत कापीत होती. तिच्या कपाळावर खोक पडली. वडील एवढेच म्हणाले, "नेम चांगला आहे तुझा." ते कौतुक नव्हते, हे मला तेव्हाही कळले.

लेसरने वाट दाखवलेल्या क्षेपणास्त्रांविषयी वाचताना ते वाक्य आठवते. वैमानिक नसलेले ड्रोन आभाळात घिरट्या घालते. दूर बसलेला माणूस पडद्यावर पाहून लेसरचा अदृश्य ठिपका लक्ष्यावर धरतो आणि क्षेपणास्त्र त्या ठिपक्याचा माग काढीत जाते. 29 ऑगस्ट 2021 रोजी काबूलमध्ये अमेरिकेने कित्येक तास पाळत ठेवून ड्रोनमधून एका मोटारीवर असे अस्त्र सोडले. नेम चुकला नाही. दहा निरपराध माणसे मेली. त्यांत सात मुले होती. चूक पुढे कबूल झाली. डोळा तीक्ष्ण होता. समज चुकली होती.

हा प्रश्न आता परका नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये भारताने अमेरिकेशी अशा 31 ड्रोनचा करार केला. नागपुरात तयार झालेले, लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणारे 'नागास्त्र' त्याच वर्षी सैन्याला मिळाले. बेत रद्द झाला तर ते पॅराशूटने परत उतरवता येते. त्याचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

अर्जुन आणि अश्वत्थामा एकाच गुरूचे शिष्य. अस्त्र सोडण्याची विद्या दोघांपाशी होती; आवरण्याची एकट्या अर्जुनापाशी. अश्वत्थाम्याचे अस्त्र शेवटी उत्तरेच्या गर्भावर गेले.

देशाला शस्त्र नको, असे मी म्हणत नाही. पण लेसरचा ठिपका बाजूला नेण्याइतके काही क्षण माणसाच्या हाती उरतात. गोफणीने मला तेवढेही दिले नव्हते. त्या क्षणांत शंका घेण्याचे काम यंत्राचे नव्हे, आपले आहे.

दिवाळीच्या पहाटे काकू अजून मला ओवाळते. निरांजनाच्या उजेडात तिच्या कपाळावरची खूण स्पष्ट दिसते. मी मान खाली घालतो. तिला वाटते, नमस्कारासाठी.