रांजणातले पाणी

गेल्या मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबे नवी मुंबईहून निघोजला गेलो होतो. पारनेर तालुका मुळातच कमी पावसाचा. कुकडीचे पात्र जवळजवळ कोरडे पडले होते. पण या नदीची एक मौज आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून तळचा काळा कातळ कोरतात आणि रांजणासारखे खळगे घडतात. नदी आटली तरी त्यांत पाणी राहते. जवळच तंबू ठोकून आम्ही रात्र काढली.

सकाळी चहाचे पातेले मी एका उथळ खळग्यात साबण लावून धुतले. थोड्या वेळाने एक म्हातारा धनगर मेंढरे घेऊन आला. मेंढरांनी त्या पाण्याला तोंड लावले आणि मागे घेतले. वरचा फेस पाहून मी ओशाळलो. "असू द्या, गुरुजी," म्हातारा म्हणाला, "खाली बघतो कुठं." आणि कळप हाकीत तो उन्हात दूर गेला.

तो रांजण कोरायला नदीला हजारो वर्षे लागली, भरायला एक पावसाळा. नासवायला मला दोन मिनिटे पुरली.

परतताना मी मनाची समजूत घालू लागलो. पुढे कुणा तहानलेल्याला पाणी पाजू, म्हणजे फिटंफाट होईल! काशीची कावड रामेश्वराला नेताना नाथमहाराजांनी ती तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा मी मुलांना दरवर्षी सांगतो. पण तुलना जुळेना. नाथांनी ती कावड स्वतःच्या खांद्यावरून आणली होती, म्हणून ते दान. खळग्यातले पाणी मी कुठे आणले होते? जे आपले नाही, ते दुसऱ्यासाठी राखण्यात दान कसले? ते मागून येणाऱ्याचे देणे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी कुणाकडे दान मागितले नव्हते. हक्क बजावला होता. पाण्यावर हक्क तहानेचा. आधी पोहोचल्याचा नव्हे.

घरी येऊन नळ सोडला. हे पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे. नळापाशी मागचा माणूस दिसत नाही, एवढाच फरक. निघोजला तो दिसला, म्हणून मला लाज वाटली. न दिसणाऱ्याचीही वाटली असती का?

यंदा अभ्यंगस्नानाची बादली भरताना मी हात जरा आखडता घेईन. तेवढ्याने त्या मेंढरांची तहान भागणार नाही, हे मला कळते. पण त्या म्हाताऱ्याला पुन्हा तोंड दाखवायचे, तर कुठून तरी सुरुवात करायलाच हवी.